मधुमेहाचे प्रकार आणि सुरुवातीची लक्षणे : वर्गात बसून काय ओळखता येते?



१४ नोव्हेंबरला आपण शाळेत बालदिन साजरा करतो. त्याच तारखेला जागतिक मधुमेह दिनही असतो. इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं गेलं त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस, आणि १९९१ पासून तो जगभर पाळला जातो. दोन्ही दिवस एका तारखेला येणं हा योगायोगच. पण त्या दिवशी फळ्याशेजारी लावलेला मधुमेहाचा तक्ता आठवून बघा. पोट सुटलेला एक माणूस, जिलेबीवर लाल फुली, शेजारी चालायला निघालेले आजोबा. त्या तक्त्यात मूल कुठेच नसतं. म्हणून आजचा पाठ थोडा वेगळ्या बाजूने घेऊ.

काही वर्षांपूर्वी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. अभ्यासात बरा, कबड्डीत पुढे. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याचं एकच सुरू झालं. "सर, पाणी पिऊन येऊ?" दहा मिनिटांनी, "सर, एक नंबरला जाऊ?" पुन्हा पाणी. वर्गातली पोरं हसायला लागली. मला वाटलं, गणिताचा तास चुकवतोय. मी त्याला तीनदा तरी खाली बसवलं. एकदा म्हणालो, "मधल्या सुट्टीत जा, काही मरत नाहीस." हे वाक्य मला अजून पाठ आहे.

दोन-तीन आठवड्यांत त्याचा गणवेश अंगावर लोंबायला लागला. आई म्हणाली, उंची वाढतेय म्हणून सुकलाय. मग एके दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहिला. उलट्या झाल्या. गावातल्या दवाखान्यात "पित्त आहे, अशक्तपणा आहे" म्हणून सलाईन लावलं. रात्री तो जोरजोरात श्वास घ्यायला लागला आणि हाकेला ओ देईना, तेव्हा जळगावला हलवला. तिथे रक्तातली साखर पाहिली, ती ५०० च्या वर. मुलगा वाचला. आज कॉलेजात आहे आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतो. पण त्या तीन आठवड्यांत रोज सहा तास तो माझ्यासमोर बसत होता. लक्षणं सगळी माझ्यासमोर होती, मला ती वाचता आली नाहीत.

शरीरात नेमकं काय बिघडतं?

आपल्या रावेर-मुक्ताईनगर भागातल्या मुलांना हे सांगायला मी केळीचा दाखला देतो. समजा गावाबाहेर केळीने भरलेले ट्रक रांगेत उभे आहेत, पण गावाचं फाटक बंद आहे. आत लोक उपाशी, बाहेर माल पडून सडतोय. अन्नातून तयार झालेली साखर, म्हणजे ग्लुकोज, हा तो माल. रक्त हा रस्ता. पेशी हे गाव. आणि फाटक उघडणारा माणूस म्हणजे इन्सुलिन. ते पोटातल्या स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीत तयार होतं.

आता लक्षणांचा क्रम बघा. रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही, ती लघवीत उतरते. साखर एकटी जात नाही, सोबत पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते. पाणी गेलं म्हणून तहान लागते. आपण उलटं समजतो, "पाणी जास्त पितो म्हणून सारखा लघवीला जातो." तसं नाही. लघवी आधी, तहान नंतर. पेशींना खाणं मिळत नाही म्हणून भूक वाढते, तरी वजन उतरतं आणि मूल गळून जातं. लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनीही टिपलंय, मधुमेह हे नावच त्यातून आलं. जुनी माणसं आजही मोरीत मुंग्या दिसल्या की शंका घेतात. ती शंका झटकू नका, फक्त पुढची तपासणी यंत्रावर करा. आणि मुंग्या नाहीत म्हणून मधुमेह नाही असंही धरू नका.

पहिला प्रकार : इथे दिवस मोजायचे असतात

टाइप १ मध्ये फाटक उघडणारा माणूसच राहत नाही. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणा चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करते आणि इन्सुलिन जवळजवळ बंद पडतं. हा कोणत्याही वयात होऊ शकतो, पण लहान मुलं आणि वयात येणारी मुलं यांच्यात जास्त दिसतो. गोड खाल्ल्याने तो होत नाही. आईने गरोदरपणात काही खाल्लं म्हणूनही होत नाही. हे मी मुद्दाम ठळक सांगतो, कारण आपल्याकडे निदान झालं की पहिला दोष आईवर जातो.

यात लक्षणं काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतच वाढतात. शिक्षक आणि पालक म्हणून पाहायच्या गोष्टी या : सारखी लघवी, न भागणारी तहान, खात असूनही उतरणारं वजन, आणि नेहमी उड्या मारणाऱ्या मुलाचं बाकावर डोकं टेकून बसणं. पाचवी खूण घरातली आहे आणि लाजेखातर ती कुणी सांगत नाही. तीन-चार वर्षांपासून अंथरूण कोरडं ठेवणारं मूल अचानक पुन्हा अंथरुणात लघवी करायला लागतं. पालक रागावतात, रात्रीचं पाणी तोडतात. कृपा करून पाणी तोडू नका. त्या मुलाचं शरीर आधीच कोरडं पडत असतं.

एवढ्यावर थांबलं नाही तर काय होतं? साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळायला लागतं. त्यातून कीटोन नावाचे आम्ल पदार्थ रक्तात साठतात. मग पोटदुखी, उलट्या, खोल आणि भराभर श्वास, तोंडाला अति पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी. ही जिवावरची अवस्था आहे. इथेच घोटाळा होतो, कारण पोटदुखी आणि उलट्या म्हटलं की सगळ्यांच्या मनात पित्त, जंत किंवा बाहेरचं खाणं येतं. एक साधा फरक लक्षात ठेवा. जुलाब-उलट्यांनी कोरडं पडलेलं मूल लघवी कमी करतं. उलट्या होऊन, तोंड कोरडं पडूनही मूल भरपूर लघवी करत असेल, तर दवाखान्यात आपणहून म्हणायचं, "डॉक्टर, आधी शुगर बघा." बोटातून रक्ताचा एक थेंब आणि काही सेकंद लागतात. ग्लुकोमीटर आता प्राथमिक आरोग्य केंद्रातही असतो, गल्लीतल्या कुणा काकांकडेही असतो. घरच्या यंत्रावर २०० च्या वर आकडा आला तर "उद्या उपाशीपोटी तपासू" म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

शाळेने लक्ष दिलं तर खरंच फरक पडतो का? याचं उत्तर इटलीतल्या पार्मा नावाच्या जिल्ह्याने देऊन ठेवलंय. तिथल्या डॉक्टरांनी १९९१ च्या सुमारास शाळांमध्ये आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक भित्तिपत्रक लावलं. मजकूर थोडाच होता : मूल खूप पाणी पितंय का, खूप लघवी करतंय का, पुन्हा अंथरूण ओलं करतंय का? तर साखर तपासा. त्याआधी तिथे नव्याने निदान होणाऱ्या १०० पैकी ७८ मुलं या आम्लाच्या गंभीर अवस्थेतच रुग्णालयात पोहोचत. पुढच्या वर्षांत ते प्रमाण साधारण १२ वर आलं. औषध तेच, डॉक्टर तेच. बदल फक्त शिक्षक आणि पालकांच्या नजरेत झाला होता.

इन्सुलिनची "सवय"

निदानानंतर घरात पहिला प्रश्न येतो, "सुई कायमची लागेल का?" टाइप १ मध्ये हो, कायमची. १९२२ च्या जानेवारीपर्यंत या मुलांना वाचवायचा उपायच नव्हता. जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने काढायचे, एवढंच. त्या महिन्यात कॅनडातल्या टोरोंटोमध्ये लिओनार्ड थॉमसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, बारा दिवसांनी सुधारलेला दिला आणि साखर उतरली. मरणाच्या दारातला तो मुलगा त्यानंतर १३ वर्षं जगला. म्हणजे इन्सुलिन ही शरीराला लागलेली सवय नाही, ते शरीराचं हरवलेलं पाणी-मीठ समजा.

आता जी गोष्ट फार कमी लोक पालकांना सांगतात ती सांगतो. इन्सुलिन सुरू केल्यावर काही आठवड्यांनी पुष्कळ मुलांची गरज एकदम कमी होते. उरलेल्या थोड्या पेशींना विश्रांती मिळते आणि त्या काही काळ काम करतात. आकडे सुंदर येतात. नेमकं याच काळात कुणीतरी नातेवाईक एखाद्या बाबांचा काढा, एखाद्या वैदूची पुडी घेऊन येतो. आकडे आधीच चांगले असतात, त्यामुळे गुण पुडीला जातो. घरचे इन्सुलिन थांबवतात. हा बरा काळ काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा असतो, तो संपला की मूल पुन्हा त्याच श्वासावर येतं. वैदू तेव्हा कुठे सापडत नाही. पथ्य पाळा, काढा प्यायचा तर डॉक्टरांना विचारून प्या, देवाला नवस बोला, आमची ना नाही. इन्सुलिन मात्र एक दिवसही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

मुलीच्या बाबतीत आणखी एक भीती असते, "कळलं तर लग्नाचं कसं होईल?" मग इंजेक्शन चोरून घेतलं जातं, शाळेपासूनही लपवलं जातं. लपवलेल्या आजाराला शाळेत मदत मिळत नाही. वर्गशिक्षकाला तरी नक्की सांगा. आणि शिक्षकांनो, ते स्टाफरूममध्ये गप्पांचा विषय करू नका.

दुसरा प्रकार : हा वर्षानुवर्षे गप्प असतो

टाइप २ मध्ये फाटकावर माणूस आहे, पण फाटक गंजलंय. ढकलून ढकलून तोही थकतो. आपल्या देशातले बहुतेक मधुमेही या प्रकारचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

यात कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही. जाणवलं तरी आपण त्याला दुसरी नावं देतो. पायाला मुंग्या येतात, तर "वात आहे". दिसायला धूसर होतं, तर "चाळिशी लागली". जखम लवकर भरत नाही, जांघेत किंवा गुप्तांगाला सारखी खाज सुटते, तर मलम लावून गप्प. तळपायाची जाणीव कमी होणं हे आपल्याकडे विशेष लक्षात ठेवा. मुक्ताबाईच्या पालखीसोबत महिनाभर पंढरपूरची वाट चालणाऱ्या आजी-आजोबांना पायाला फोड आलेला कळतच नाही, कारण दुखतच नाही. रात्री मुक्कामाला तळवे कुणाकडून तरी बघून घ्यायला सांगा.

मुलांमध्येही हा प्रकार आता दिसू लागलाय, विशेषतः वजन जास्त असलेल्या मोठ्या मुलांत. त्याची एक खूण आपण रोज पाहतो आणि चुकीची वाचतो. मानेच्या मागच्या बाजूला, काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी कातडी. आई काथ्याने घासते, आपण प्रार्थनेच्या वेळी "मान धूत जा रे" म्हणतो. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिनला दाद मिळेनाशी झाली की कातडी तशी होऊ शकते. म्हणजे मधुमेह झालाच असं नाही, पण डॉक्टरांना दाखवायला हवं. आणि सगळ्यांसमोर मळकट म्हणून हिणवायचं तर अजिबात नाही.

"मी तर काडीसारखा, मला कसली शुगर?" हे वाक्य आमच्या स्टाफरूममध्ये आठवड्यातून एकदा ऐकू येतं. याला पुण्याने उत्तर दिलंय. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बाया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं हाडा-मांसाने बारीक, पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. याच डॉक्टरांनी २००४ मध्ये एक गमतीचं पण डोळे उघडणारं उदाहरण छापलं. ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन, दोघांच्या उंची-वजनाचं गुणोत्तर सारखंच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांचा फोटो बघितला तर दोघेही सडपातळ! त्यामुळे वजनकाट्यावर विसंबू नका. कंबर मोजा : पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी. घरात कुणाला मधुमेह असेल तर तिशीनंतर तपासणी कराच. ३० वर्षांवरच्या सर्वांची ही तपासणी सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते, आशाताईंना विचारा.

आणखी दोन प्रकार, थोडक्यात

गरोदरपणात काही जणींची साखर वाढते, बहुतेक वेळा एकही लक्षण नसताना. म्हणून पहिल्याच तपासणीला आणि मग २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात. १४० किंवा जास्त आली तर उपचार लागतात. बाळंतपणानंतर साखर उतरते आणि सगळे विसरून जातात. त्या बाईला पुढे टाइप २ होण्याची शक्यता मात्र जास्त असते, म्हणून तिची तपासणी पुढेही चालू राहायला हवी.

दुसरा प्रकार लहानपणापासूनच्या कुपोषणाशी जोडलेला. अतिशय हडकुळी तरुण मुलं, साखर खूप, पण टाइप १ सारखी आम्लाची अवस्था सहसा येत नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल २०२५ मध्ये याला टाइप ५ म्हणून मान्यता दिली. सातपुड्याच्या पाड्यांवरून वसतिगृहात आलेल्या मुलांना शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. प्रकार कोणता हे डॉक्टर ठरवतील, संशय घ्यायचं काम आपलं.

आकडे एकदा फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे : उपाशीपोटी १०० च्या आत सर्वसाधारण, १०० ते १२५ उंबरठा, १२६ किंवा जास्त मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ५.७ च्या आत ठीक, ६.५ किंवा वर मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, पुन्हा तपासतात.

ते मूल शाळेत परत येतं तेव्हा

इथे आपली खरी परीक्षा असते. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर कधी ७० च्या खाली जाते, बहुधा खेळाच्या तासाला किंवा खिचडी उशिरा शिजली त्या दिवशी. घाम, हाताला कंप, चेहरा पांढरा, अचानक चिडचिड, नाहीतर एकदम गप्प. याला उद्धटपणा समजू नका. लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, बरं वाटलं की जेवण किंवा केळं. केळी आपल्याकडे कायम हाताशी असतात, पण पहिला मान साखरेला, कारण ती लवकर लागते. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन. आणि अशा मुलाला "जा, ऑफिसात जाऊन बस" म्हणून एकटं पाठवायचं नाही.

परीक्षेतही त्याच्या खिशात गोळ्या-साखर असू द्या. सीबीएसईने २०१७ मध्येच टाइप १ च्या विद्यार्थ्यांना परीक्षा केंद्रात खाऊ नेण्याची परवानगी दिली. आपल्या घटक चाचणीला तर कुणाला विचारायचीही गरज नाही.

इन्सुलिन सांभाळणं हा आपल्या भागातला वेगळाच विषय. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि दुपारी लाइट गेलेली. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या माठात, पाणी लागणार नाही अशा डब्यात बाटली ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. मोटारसायकलच्या डिक्कीत ती कधी ठेवू नका. बर्फाच्या कप्प्यातही नाही, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

माझा तो विद्यार्थी नववीत असताना एकदा स्वतःच लहान मुलांसमोर बोलायला उभा राहिला. बोटाला सुई टोचून दाखवली, यंत्रावर १४२ आकडा आला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता आमच्या पाण्याच्या टाकीवर त्याच्याच अक्षरातला कागद चिकटवलेला आहे : "सारखी तहान? सारखी लघवी? बाईंना सांग." लघवीला जायची परवानगी मागणाऱ्याला मी अडवत नाही. दिवसात कोण किती वेळा गेलं, तेवढं वहीच्या शेवटच्या पानावर रेघा ओढून ठेवतो.